बॉडी छोटी घेतली, आता लेन्स कोणती?

छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वर्ष एकाच वाटेनं जातं. बॉडी हौसेनं निवडलेली असते, चारशे ग्रॅमच्या आतबाहेर. सोबत किट लेन्स येते. मग व्हिडिओ बघून बघून वाटायला लागतं की खरी मजा 'प्रो' झूममध्येच आहे. तीही येते. गळ्यात अडकवल्यावर कॅमेरा तोंड खाली करून लोंबकळतो, गडाची चढण सुरू झाली की छातीवर आपटतो, आणि सहा महिन्यांत त्याची रवानगी कपाटात होते. सहलीचे फोटो पुन्हा मोबाइलवर.

छोट्या सिस्टिमचा छोटेपणा टिकवायचा की घालवायचा, हे लेन्स ठरवते. म्हणून लेन्स निवडताना 'झूम किती' हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारायचं ते उजेडाबद्दल: तुम्ही फोटो काढता तिथे उजेड किती असतो, आणि समोरचं हलतं की स्थिर असतं?

उदाहरणासाठी मायक्रो फोर थर्ड्स ही सिस्टिम घेतो. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनी २००८ मध्ये मिळून हे माउंट (लेन्स आणि बॉडीचा जोड) आणलं. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीला बसते, ऑटोफोकससकट. ऑलिंपसचा कॅमेरा धंदा जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला. आता नव्या मालावर ओएम सिस्टिम हे नाव असतं. माउंट मात्र तेच राहिलं, त्यामुळे २००९ ची लेन्स आजच्या बॉडीवर चालते. छोट्या लेन्सांची इतकी निवड दुसरीकडे सहज मिळत नाही, म्हणून हे उदाहरण. तुमच्याकडे सोनी, फुजी किंवा निकॉनचा एपीएस-सी कॅमेरा (उजेड टिपणारी चिप, म्हणजे सेन्सर, जरा मोठा असलेला) असेल तर पुढे जिथे दुपटीचा हिशेब येतो तिथे दीडपट करा, कॅनन असेल तर १.६ पट. बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आता आकडे. लेन्सवर १२, २५, ४५, ३०० असे मिलिमीटर छापलेले असतात. ती फोकल लेंग्थ. आकडा लहान तर चौकटीत जास्त परिसर मावतो, मोठा तर लांबचं जवळ येतं. पण किती मावतं हे सेन्सरच्या मापावरही अवलंबून असतं. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची; त्याच मापाच्या सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा आहे, कर्णानं साधारण निम्मा. म्हणून इथली २५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० इतकंच दाखवते आणि ३०० ची लेन्स ६०० इतकं.

डोळ्यासमोर आणायचं तर असं: १२ वर जुन्या वाड्याचा चौक कोपऱ्यात उभं राहून जवळजवळ पूर्ण येतो. १७ वर रस्ता आणि त्यावरची माणसं. २५ वर टेबलापलीकडे बसलेला माणूस कमरेपासून वर. ४५ वर चेहरा आणि खांदे. १५० वर तळ्याच्या मध्यावरचं बदक 'बदक आहे' इतपत कळतं, आणि ३०० वर त्याचा डोळा दिसायला लागतो. यातली एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ च्या आसपास असतो, म्हणजे इथले १२-१३. रोजचा तो कोन तुमच्या खिशात आधीच आहे. पहिल्या लेन्सचे पैसे पुन्हा त्यावरच घालण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरा आकडा एफचा, आणि लोक इथेच जास्त गोंधळतात. एफ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले ज्या भोकातून उजेड आत येतो त्याचा व्यास. ४५ ची लेन्स एफ १.८ असेल तर भोक २५ मिलिमीटरचं. ३०० ची लेन्स एफ ४ असेल तर ७५ मिलिमीटरचं. हा भागाकार एकदा डोक्यात बसला की दुकानातली अर्धी फसवाफसवी थांबते, कारण ७५ मिलिमीटरचं भोक हवं असेल तर पुढची काच त्याहून मोठीच लागणार. कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकला म्हणून ती काच लहान होत नाही. आरसा गेल्याचा फायदा वाइड (जास्त परिसर मावणाऱ्या) आणि नॉर्मल लेन्सना होतो. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते (या माउंटमध्ये माउंट ते सेन्सर अंतर फक्त १९.२५ मिलिमीटर आहे), आणि लेन्स पेढ्याएवढी करता येते. टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स लहान दिसते ती सेन्सर लहान असल्यामुळे: ६०० चं काम ३०० वर भागतं.

मग फुकटात सगळं मिळालं का? नाही. पावसात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर पडणारा पाऊस सारखाच, पण परातीत पाणी जास्त साठतं. एफ १.८ म्हणजे पावसाचा जोर, सेन्सर म्हणजे भांडं. त्यामुळे एफ १.८ ला शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) दोन्ही सिस्टिमवर सारखेच येतात, पण लहान सेन्सरवर एकूण उजेड चौथा हिस्सा पडतो. अंधारात फोटोत दाणे लवकर दिसतात. पार्श्वभूमीही कमी धूसर होते: ४५ एफ १.८ चा फोटो फुल फ्रेमवरच्या ९० एफ ३.६ सारखा दिसतो. इंटरनेटवर यावरून हमरीतुमरी चालते. ती सोडून द्या आणि एवढंच लक्षात ठेवा की छोट्या सेन्सरला कमी एफची लेन्स जास्त गरजेची असते. आणि कमी एफ स्वस्तात, हलक्यात मिळतो तो प्राइम लेन्समध्ये, म्हणजे झूम न होणाऱ्या.

किट लेन्स बहुधा १४-४२, एफ ३.५ ते ५.६ असते. हे 'ते' नीट वाचा. १४ वर ३.५ मिळतो, झूम करत ४२ वर गेलात की ५.६. आता घरच्या गणपतीची आरती घ्या. कुणीतरी हौसेनं ट्यूबलाइट बंद केलेली, समई, निरांजन आणि मखरातली दिव्यांची माळ एवढाच उजेड. आजीच्या हातात तबक आहे आणि ते गोल फिरतंय. किट लेन्स ४२ वर, आयएसओ ६४०० केला, तरी शटर १/१५ सेकंदाच्या आसपास अडकतं. तबक म्हणजे पिवळा पट्टा आणि आजीचा हात गायब. त्याच जागी ४५ एफ १.८ लावली तर उजेड जवळजवळ दहापट आत येतो आणि शटर १/१२५ च्या पुढे जातं. ज्योत ज्योतीसारखी, हात हातासारखा. बॉडी तीच, खोली तीच, आणि या लेन्सचं वजन आहे ११६ ग्रॅम.

'पण माझ्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे' हे उत्तर इथे चालत नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, आजीच्या हाताची हालचाल थांबवत नाही. ते कामाला येतं अजिंठ्यात. लेण्यांत फ्लॅश लावायला बंदी, ट्रायपॉड परवानगीशिवाय नाही, चित्राच्या अगदी जवळ जाता येत नाही, आणि आत डोळे सरावायलाच मिनिटभर जातं. पण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हलत नाही. चांगलं स्टॅबिलायझेशन असेल तर श्वास रोखून पाव सेकंदाचं शटर हातात पेलता येतं, आयएसओ खाली ठेवता येतो, आणि मग किट लेन्ससुद्धा लाज राखते. अंधार दोन्हीकडे सारखाच, पण उपाय वेगळा. सुरुवातीला 'हलतं की स्थिर' असं विचारलं ते यासाठी.

पहिली प्राइम कोणती? ऑलिंपसच्या १७, २५ आणि ४५, तिन्ही एफ १.८, या सिस्टिममधल्या सगळ्यात समजूतदार लेन्स आहेत. प्रत्येकी १४० ग्रॅमच्या आत. तिन्ही मिळून पावणेचारशे ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे एकट्या १२-४० एफ २.८ प्रो झूमपेक्षा थोड्या हलक्याच. पॅनासॉनिकची २५ एफ १.७ ही स्वस्तातली, पैशाला पुरेपूर. पॅनासॉनिकचीच २० एफ १.७ शंभर ग्रॅमची, चपटी, चित्र फार छान. फोकस मात्र घरघरत, सावकाश होतो. धावत्या पोराचे फोटो काढणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये. पॅनासॉनिकचीच लायका नावाची १५ एफ १.७ हाताळायला सुखाची, पण महाग.

यातलं आपलं कुठलं, हे किट लेन्सच सांगते. आधी काढलेले फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ बघा. जे मनापासून आवडले तेवढेच मोजा, सगळे नाही. बहुतेकांचा ढीग एका टोकाला साचलेला असतो. १४-१८ च्या आसपास असेल तर १७ घ्या. ४२ वर अडकलेला असेल तर तुम्हाला माणसांचे चेहरे आवडतात, ४५ घ्या. मधेच घोटाळत असेल तर किट लेन्स २५ वर नेऊन रिंगला चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तशीच वापरा. चिडचिड झाली तर कळलं, नाही झाली तरी कळलं.

माझं मत विचाराल तर घरात लहान मूल असणाऱ्यानं २५, भटक्यानं १७, आणि लग्न-मुंजीत हौसेनं फोटो काढणाऱ्यानं ४५. एकदम तिन्ही कुणीच नको.

किट लेन्स विकायची घाई मात्र करू नका. मिळतात चार पैसे, आणि भर दिवसा एफ ५.६ ते ८ वर तिच्यात आणि महाग लेन्समध्ये फरक शोधायला चित्र मोठं करावं लागतं. शिवाय पॅनासॉनिकची १२-३२ किंवा ऑलिंपसची चपटी १४-४२ ही शंभर ग्रॅमच्या आतली जात आहे. जॅकेटच्या खिशात कॅमेरा बसतो तो यांच्यामुळेच. या लेन्स इतक्या लहान कशा, तर काचेनं करायचं काही काम सॉफ्टवेअरवर ढकललेलं असतं. कडेच्या वाकलेल्या रेषा कॅमेरा आतल्या आत सरळ करतो. काही जुन्या जाणत्यांना हे बेइमानी वाटतं. मला वजन कमी झाल्याचं जास्त कौतुक आहे.

आता कास. सप्टेंबरमधलं पठार म्हणजे लेन्स-निवडीची परीक्षाच, कारण तिथे दोन टोकांची कामं असतात. फुलांचा गालिचा आणि वरचे ढग एकत्र हवे असतील तर १२ लागते. इथे छोटा सेन्सर उलट फायद्याचा ठरतो: १२ वर एफ ५.६ ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला की साधारण नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी सुस्पष्ट येतं. फुल फ्रेमवाला यासाठी एफ ११ वर जातो. तुम्ही एफ ८ च्या पुढे जाऊ नका. भोक फार बारीक झालं की उजेड पसरतो आणि सगळंच किंचित मऊ पडतं.

दुसरं टोक म्हणजे एकेकटं फूल. सीतेची आसवं जेमतेम नखाएवढी. ऑलिंपसची ६० एफ २.८ मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) एकास एक प्रमाणात टिपते, म्हणजे १७ मिलिमीटर रुंदीची वस्तू पूर्ण चौकट भरते. वजन १८५ ग्रॅम. एवढ्या जवळून लेन्सचं तोंड आणि फूल यांत दहा सेंटिमीटरही उरत नाहीत, म्हणून वाटेच्या कडेला उगवलेलंच फूल निवडा. चांगल्या फोटोसाठी चार फुलं तुडवणारे तिथे दरवर्षी दिसतात आणि त्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

याच ६० मॅक्रोला पाणीरोधक सील आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडणाऱ्यानं हे तपासायलाच हवं. सील बॉडीला आणि लेन्सला, दोन्हींना असावं लागतं. एकाला असून दुसऱ्याला नसेल तर पाणी जोडावरून शिरतं. प्रो लेन्सना ते असतं, १२-४५ एफ ४ ला आहे, पॅनासॉनिकच्या १२-६० ला आहे. वर कौतुक केलेल्या १७, २५, ४५ यांच्या मूळ आवृत्त्यांना नाही. भुरभुर पावसात रुमाल पुरतो, हरिश्चंद्रगडावरच्या आडव्या पावसात नाही.

टेलीबद्दल थोडं कडक बोलतो. ताडोब्याला जायचं ठरलं की सगळ्यांना ४०० हवी असते. सकाळी सहाला जिप्सीत बसता तेव्हा उजेड नसतो, गाडी थरथरत असते, आणि स्वस्त लांब झूमचा एफ टोकाला ६.३ किंवा ६.७ झालेला असतो. वाघ रस्त्यावर आला तर तो अनेकदा इतका जवळ असतो की ३०० मध्ये नुसते कान येतात. वर्षाकाठी एखादी सफारी करणाऱ्याला ऑलिंपसची ४०-१५० एफ ४-५.६ पुरते. १९० ग्रॅम, स्वस्तातली, प्लॅस्टिकची, दिसायला अगदी गरीब, आणि फुल फ्रेमच्या हिशेबात कोन ८० ते ३०० चा. फक्त जंगलात लेन्स बदलू नका. विदर्भातली धूळ सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक आभाळात ठिपके दिसतात.

पक्ष्यांचं वेगळं. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला होडीतून जाता तेव्हा ऊन भरपूर असतं आणि पक्षी लांब. तिथे ७५-३०० किंवा पॅनासॉनिकची १००-३०० खरोखर कामाची. फुल फ्रेमची ६०० एफ ४ तीन किलोच्या पुढे जाते. ऑलिंपसची ३०० एफ ४ सव्वा किलोच्या आसपास त्याच कोनाचं काम करते. परातीचा हिशेब धरला तर ती ६०० एफ ८ सारखी आहे, हे खरं. पण तीन किलोची लेन्स कुणाच्या तरी पैशानं मिळाली तरी होडीत दोन तास हातात कोण धरणार?

दोन कंपन्यांच्या वस्तू एकत्र वापरताना काही बारीक अडचणी येतात. बॉडी आणि लेन्स दोन्हींतलं स्टॅबिलायझेशन मिळून काम करतं ते दोन्ही एकाच कंपनीचे असतील तरच. पॅनासॉनिकच्या जी७ सारख्या जुन्या बॉडीत ते मुळीच नाही, आणि ऑलिंपसच्या बहुतेक लेन्समध्येही नाही, कारण ऑलिंपस ते बॉडीत देतं. ही जोडी जमवलीत तर कुणीच हात सावरणार नाही. लायका १५ वरची ॲपर्चरची (एफ बदलायची) रिंग ऑलिंपसच्या बॉडीवर नुसती फिरते, काम डायलनं करावं लागतं.

वडिलांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० एफ १.८ कपाटात पडली असेल तर तीही काढा. निकॉनच्या जुन्या माउंटचं सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, इथलं १९.२५. मधले सव्वासत्तावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी, म्हणजे ॲडॉप्टर, स्वस्तात मिळतो. आत काच नसते. फोकस हातानं करायचा. कोन १०० चा होतो, चेहऱ्यांसाठी झकास.

कुणीतरी वापरलेली (सेकंडहँड) लेन्स विकत घेतानाही डरायचं कारण नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ओळखीतून, कुठूनही घ्या, पण मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघा. एखाददुसरा धुळीचा कण चालतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा फांद्या दिसल्या तर ती बुरशी. किंमत कितीही पाडली तरी सोडून द्या. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चित्रात जवळजवळ कधीच दिसत नाही, पण भाव पाडायला फार उपयोगी. मायक्रो फोर थर्ड्सच्या लेन्स विजेवर चालतात, त्यामुळे हातात धरून काही कळत नाही. तुमच्या बॉडीला लावा, जवळ-लांब फोकस करून बघा, एफ १.८ आणि एफ ८ ला एकेक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर ती कधीतरी पडलेली आहे.

घरी आणल्यावर ती बुरशीपासून जपायची जबाबदारी तुमची, आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हे सोपं नाही. ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून वाळवायच्या आणि परत आत. पावसातून आल्यावर कॅमेरा ओला असताना डब्यात कोंबू नका. आधी पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा. आणि कॅमेऱ्यासोबत हौसेनं घेतलेली ती चामड्याची देखणी पिशवी पावसाळ्यात लेन्स ठेवायला वापरू नका. बुरशीला चामडं फार आवडतं.